इंग्रजी 'पास्ट' मराठीत आणताना

भाषांतराचे काम नव्याने हाती घेतलेल्या एका वाचकाने तीन प्रश्न एकत्र विचारले आहेत. 'पास्ट' या इंग्रजी शब्दापुढे कोशात 'भूतकाळ, गत, माजी, पलीकडे, वरून, वाजून' असे एकमेकांशी न जुळणारे प्रतिशब्द दिसतात, त्यांतून नेमका कोणता उचलावा, हा पहिला प्रश्न. उच्चाराने सारखेच असणारे 'पास्ट' आणि 'पास्ड' लिहिताना वेगळे कसे ओळखावेत, हा दुसरा. आणि 'लास्ट इयर' व 'द पास्ट इयर' या दोन्हींसाठी 'गेल्या वर्षी' असे लिहिले तर काय बिघडते, हा तिसरा. बँकांची पत्रे, न्यायालयीन कागद आणि पाहण्यांच्या प्रश्नावल्या यांचे भाषांतर करण्यात माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे उदाहरणे साहजिकच त्याच कागदांतली येतील. प्रश्नांची उत्तरे मात्र सुटी सुटी देत नाही, कारण तिन्हींचे मूळ एकच आहे.

'पास्ट' हा स्वतंत्र जन्मलेला शब्द नव्हे. 'पास' म्हणजे जाणे, पुढे सरकणे या क्रियापदाचे ते जुने धातुसाधित रूप आहे, म्हणजे मुळात तो 'पास्ड'च. हे क्रियापद फ्रेंचमधून इंग्रजीत आले आणि त्याच्या पाठीमागे 'पाऊल' या अर्थाचा 'पास्सुस' हा लॅटिन शब्द उभा आहे. तेव्हा 'पास्ट' म्हणजे पाऊल टाकून मागे टाकलेले. रस्त्याने चालताना मैलाचा दगड मागे पडतो, तेव्हा दगडाच्या दृष्टीने आपण पुढे गेलेलो असतो आणि आपल्या दृष्टीने दगड गेलेला असतो. 'पास्ट'चे सगळे अर्थ या दोन दृष्टींपैकी एकीतून निघतात. म्हणून वाक्यात हा शब्द भेटला की कोश उघडण्याआधी एकच विचारावे: येथे मागे पडलेली खूण कोणती? ती खूण एखादी जागा असेल, घड्याळाचा ठोका असेल, देय तारीख असेल, आजचा दिवस असेल किंवा माणसाच्या सहनशक्तीची हद्द असेल. खूण सापडली की मराठी शब्द बहुधा आपोआप सुचतो.

मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. 'गेल्या वर्षी', 'गेला महिना', 'गेले ते दिवस' या प्रयोगांतला 'गेला' हे 'जाणे' या क्रियापदाचेच रूप असून ते काळाला विशेषण म्हणून लागले आहे. इंग्रजीने 'पास'पासून जे केले, तेच मराठीने 'जाणे'पासून केले. फरक इतकाच की, आपल्याकडे ते रूप क्रियापदापासून तुटले नाही आणि इंग्रजीत ते लेखनातही वेगळे झाले.

सर्वांत सोपा भाग जागेचा. 'वी वॉक्ड पास्ट द टेंपल' याचे मराठी 'आम्ही देवळावरून गेलो' असे होते. नवशिके येथे 'देवळाच्या पलीकडे चालत गेलो' असे लिहितात, आणि त्यामुळे देऊळ ओलांडून त्यापुढच्या एखाद्या ठिकाणी जायचे होते असा समज होतो. मूळ वाक्यात मुक्कामाचे ठिकाण सांगितलेलेच नाही; वाटेत देऊळ लागले आणि मागे पडले, एवढेच सांगितले आहे. उलट 'द स्कूल इज जस्ट पास्ट द ब्रिज' यात हालचाल नाही, जागा दाखवलेली आहे, तेथे 'पूल ओलांडला की लगेच शाळा आहे' किंवा 'पुलाच्या पलीकडे' हेच योग्य. कानाजवळून सणसणत गेलेल्या गोळीला 'जवळून' लागते, आणि 'ही लुक्ड पास्ट मी' याला तर सरळ प्रतिशब्दच नाही. 'माझ्याकडे न पाहता त्याची नजर माझ्या मागे कुठेतरी लागली होती' असे संदर्भ पाहून सांगावे लागते. 'मार्च पास्ट' या शब्दातही हीच खूण आहे. प्रजासत्ताकदिनी तुकड्या ज्या मंचासमोरून सलामी देत जातात, तो मंच म्हणजे ती खूण. आपण 'संचलन' म्हणतो आणि ते बरोबरच आहे, पण संचलनात मंच असावाच असे नाही, 'मार्च पास्ट'मध्ये तो गृहीत धरलेला असतो. विमानांच्या 'फ्लाय-पास्ट'चेही तसेच. अमेरिकन इंग्रजीत त्याला 'फ्लायओव्हर' म्हणतात, आणि तो शब्द आपल्याकडे उड्डाणपुलाला चिकटलेला असल्यामुळे परदेशी बातम्यांचे घाईत भाषांतर करणाऱ्याने तेथे सावध राहावे.

घड्याळात खूण म्हणजे पडलेला ठोका. 'टेन पास्ट फाइव्ह' हे 'पाच वाजून दहा मिनिटे', आणि यातला 'वाजून' 'पास्ट'चे काम इतके चोख करतो की येथे भाषांतर करावेच लागत नाही. 'क्वार्टर पास्ट' आणि 'हाफ पास्ट' यांना मराठीत 'सव्वा' आणि 'साडे' आहेतच. दीड आणि अडीच यांची आठवण ठेवली म्हणजे झाले, कारण 'हाफ पास्ट वन'चे 'साडेएक' करणारे यांत्रिक भाषांतर मी पाहिलेले आहे. अमेरिकेत मिनिटांसाठी 'पास्ट'ऐवजी 'आफ्टर'ही सर्रास वापरतात. ब्रिटनमध्ये बोलताना 'पास्ट' गाळून नुसते 'हाफ टेन' म्हणतात आणि त्याचा अर्थ साडेदहा असतो; जर्मन भाषेत तशीच दिसणारी रचना मात्र साडेनऊ दाखवते, कारण तेथे मोजणी मागे पडलेल्या ठोक्यापासून नव्हे, तर येणाऱ्या ठोक्याकडे पाहून होते. 'इट्स पास्ट नाइन' असे नुसतेच आले तर 'नऊ वाजून गेले' असे म्हणावे. 'नऊनंतर' असे लिहिले तर मूळ वाक्यातली उशीर झाल्याची जाणीव हरवते.

आता 'पास्ट' आणि 'पास्ड' यांविषयी. देवनागरीत मी ते वेगळे लिहितो आहे ते केवळ सोयीसाठी. इंग्रजीत दोन्हींचा उच्चार अगदी एकच आहे, आणि म्हणूनच मातृभाषा इंग्रजी असणारेही येथे चुकतात. दोन 'एस' आणि शेवटी 'ई-डी' असलेले रूप हे क्रियापद आहे. एक 'एस' आणि शेवटी 'टी' असलेले रूप क्रियापद सोडून बाकी सर्व काही होऊ शकते, म्हणजे नाम, विशेषण, क्रियाविशेषण आणि शब्दयोगी अव्यय. कसोटी अशी की, वाक्यात दुसरे क्रियापद आहे का ते पाहावे. 'शी वॉक्ड पास्ट द शॉप' यात चालणे हे क्रियापद आलेले आहे, तेव्हा 'टी'वाले रूप. 'शी पास्ड द शॉप' यात दुसरे क्रियापद नाही, तेव्हा 'ई-डी'वाले. 'हॅज' किंवा 'हॅव'च्या लगेच पुढे आले तर बहुधा 'ई-डी', 'इज'च्या पुढे आले तर बहुधा 'टी': 'द डेंजर हॅज पास्ड' आणि 'द डेंजर इज पास्ट' ही दोन्ही शुद्ध असून पहिले 'धोका टळला' आणि दुसरे 'धोका आता उरलेला नाही' असे सांगते. परीक्षेत पास होणाऱ्याला नेहमी 'ई-डी' लागते. संगणकातील शुद्धलेखन तपासनीस येथे फारसा उपयोगी पडत नाही, कारण दोन्ही शब्द त्याच्या यादीत असतात.

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात चूक झाली की कागदातला मजकूर नुसता बेढब होत नाही, खोटा होतो. 'लास्ट इयर' म्हणजे चालू वर्षाच्या आधीचे, संपून गेलेले वर्ष. 'द पास्ट इयर' म्हणजे आजच्या दिवसापासून मागे मोजलेले बारा महिने. ऑगस्ट 2025 मध्ये लिहिलेल्या पत्रात 'लास्ट इयर' आले तर ते 2024 हे वर्ष होय, आणि 'इन द पास्ट इयर' आले तर ऑगस्ट 2024 पासून ऑगस्ट 2025 पर्यंतचा काळ. पहिल्यात खूण 31 डिसेंबरला रोवलेली आहे. दुसऱ्यात ती आज, लिहिणाऱ्याच्या पायाशी आहे. त्यात आर्थिक वर्ष आले की गुंता वाढतो, कारण त्याच पत्रातला 'लास्ट फायनान्शियल इयर' एप्रिल 2024 ते मार्च 2025 असा वेगळाच काळ दाखवतो. मराठीत 'गेल्या वर्षी' हा प्रयोग 'लास्ट इयर'साठी राखून ठेवावा आणि 'द पास्ट इयर'साठी 'गेल्या वर्षभरात' किंवा, औपचारिक कागद असेल तर, 'गेल्या बारा महिन्यांत' असे लिहावे. महिन्याच्या बाबतीत तर हे अधिकच पाळावे. 'गेल्या महिन्यात' म्हटल्यावर कोणीही मराठी माणूस मागचा कॅलेंडर महिना समजतो. 'द पास्ट मंथ'साठी 'गेल्या महिनाभरात' असा 'भर' घालावाच लागतो.

येथे एक पोटनियम आहे. 'लास्ट'च्या आधी 'द' आला, किंवा त्याच्या पुढे आकडा आला, तर हा भेद पुष्कळ अंशी मावळतो. 'द लास्ट थर्टी डेज' आणि 'द पास्ट थर्टी डेज' यांत अर्थाचा फरक नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या प्रश्नावल्यांत संदर्भकाळ 'लास्ट 30 डेज' किंवा 'लास्ट 365 डेज' असा दिवसांतच दिलेला असतो, आणि त्यामागचा शहाणपणा भाषांतरकाराने जपला पाहिजे: 'गेल्या 365 दिवसांत' हे रुक्ष वाटले तरी 'गेल्या वर्षी' असे सोपे करू नये, कारण उत्तर देणारी व्यक्ती मग दिवाळीपासून दिवाळीपर्यंत, पाडव्यापासून पाडव्यापर्यंत किंवा जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत, जसे सुचेल तसे मोजते. 2020 मध्ये करोनाच्या साथीत प्रवाशांकडून 'गेल्या 14 दिवसांत' कुठे कुठे गेला होता याची माहिती मागवली जात होती. तेथे 'गेल्या पंधरवड्यात' असे लिहिणे भाषेच्या दृष्टीने सुंदर आणि कामाच्या दृष्टीने घातक ठरले असते, कारण पंधरवडा म्हटल्यावर शुद्ध-वद्य पक्ष डोळ्यांसमोर येतो.

याच कुटुंबातल्या दोन चुका उलट दिशेच्या, म्हणजे मराठीतून इंग्रजीत जातानाच्या आहेत. 'मी गेल्या दहा वर्षांपासून येथे राहतो' याचे शब्दशः 'सिन्स पास्ट टेन इयर्स' होते आणि आपल्याकडच्या अर्जांत व परिचयपत्रांत ते इतके रुळले आहे की चूक वाटेनासे झाले आहे. इंग्रजीत 'सिन्स'च्या पुढे काळाचा आरंभबिंदू येतो, उदाहरणार्थ 2015. काळाची लांबी सांगायची असेल तर 'फॉर द पास्ट टेन इयर्स' लागते, आणि तो 'द' गाळता येत नाही. मराठीतले 'पासून' दोन्ही कामे विनातक्रार करते, म्हणून ही चूक आपल्या कानाला खटकत नाही. दुसरी चूक 'पूर्वी'ची. 'दोन वर्षांपूर्वी' म्हणजे 'टू इयर्स अगो'. पण 'पूर्वी' म्हणजे 'बिफोर' असे शाळेतच पाठ झालेले असल्यामुळे 'बिफोर टू इयर्स' असे लिहिले जाते. आजच्या दिवसापासून मागे मोजायचे तर 'अगो', मागच्या एखाद्या क्षणापासून आणखी मागे मोजायचे तर आकडा आधी आणि 'बिफोर' नंतर. 'पास्ट' या जागी कोणत्याच अर्थाने बसत नाही. 'टू इयर्स पास्ट' हे केवळ जुन्या काव्यमय गद्यात भेटते.

व्याकरणातला 'पास्ट टेन्स' म्हणजे भूतकाळ हे समीकरण सोयीचे आहे, पण ते काळाचे नव्हे, रूपाचे नाव आहे हे विसरले की घोटाळे होतात. 'आय वॉन्टेड टु आस्क यू समथिंग' म्हणणाऱ्याला आत्ता विचारायचे असते; भूतकाळाचे रूप त्याने केवळ आर्जवासाठी वापरलेले असते. आपणही 'जरा विचारायचं होतं' असेच म्हणतो, तेव्हा हे समजायला अवघड नाही. 'इट्स टाइम वी लेफ्ट' याचा अर्थ 'आता निघायला हवे' असा आहे, 'निघालो' असा नाही. आणि मराठी याही पुढे जाते: आतल्या खोलीतून 'आलो, आलो' असे ओरडणारा माणूस अजून जागचा हललेलाही नसतो. भाषांतर करताना रूपाला रूप जोडत न बसता प्रसंगाचा काळ पाहावा, एवढेच यातून घ्यायचे.

खरा अडसर पूर्ण भूतकाळाचा आहे, आणि त्यावर मी थोडा जास्त थांबतो, कारण मराठी माणसाचे इंग्रजी ओळखायचे असेल तर ते येथे हमखास ओळखू येते. 'मी काल पुण्याला गेलो होतो' हे अस्सल मराठी वाक्य आहे. नुसते 'मी काल पुण्याला गेलो' म्हटले तर ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट पाहतो: गेलास, मग? 'होतो' लावल्याने जाणे-येणे पुरे झाले, प्रसंग मिटला, असे कळते. या 'होतो'ची जागा भरायला आपण इंग्रजीत 'हॅड' घालतो आणि 'आय हॅड गॉन टु पुणे यस्टर्डे' असे वाक्य तयार होते. इंग्रजीत मात्र 'हॅड' प्रसंग मिटवत नाही, तर मागच्या काळातच दुसरी खूण रोवतो आणि तिच्याही आधी काय घडले ते सांगतो. म्हणून ते वाक्य ऐकणारा इंग्रज विचारात पडतो की, कशाच्या आधी? 'तुझा फोन आला तेव्हा मी पुण्याला निघून गेलेलो होतो' असे म्हणायचे असेल तर 'हॅड' हवाच. नुसती कालची हकिकत सांगायची असेल तर 'आय वेंट टु पुणे यस्टर्डे' यात सगळे आले.

हा भेद साक्षीदाराच्या जबाबात फार काळजीने सांभाळावा लागतो. 'मी दुकानात गेलो होतो तेव्हा आरोपी तेथे उभा होता' या मराठी वाक्यात साक्षीदार दुकानात हजर आहे आणि आरोपीला पाहतो आहे. त्याचे 'हॅड गॉन'ने केलेले इंग्रजी वाचणाऱ्याला साक्षीदार दुसरीकडून दुकानात निघून गेला होता आणि आरोपी त्या दुसऱ्या ठिकाणी उभा होता, असेही वाटू शकते. म्हणजे प्रत्यक्षदर्शी साक्षीदार एका 'हॅड'मुळे गैरहजर ठरतो. उलट इंग्रजी कागदातला 'हॅड' मराठीत आणताना नुसते 'होता' पुरत नाही, कारण ते आपल्याकडे सैल झालेले आहे. तेथे 'आधीच', 'त्यापूर्वी', किंवा 'गेलेला होता' यातला 'लेला' वापरून क्रम स्पष्ट करावा. मराठी व्याकरणात पूर्ण भूतकाळ आणि रीती भूतकाळ अशी नावे शाळेत शिकवली जातात, पण इंग्रजीतली समान नावाची खोकी शोधून त्यांत आपली वाक्ये कोंबण्याची सवय तेथूनच लागते, असे माझे मत आहे.

माणसांच्या पदापुढे 'पास्ट' आला तर 'माजी'. 'पास्ट स्टुडंट्स' म्हणजे माजी विद्यार्थी. 'पास्ट पेपर्स' मात्र 'माजी प्रश्नपत्रिका' होत नाहीत, त्या 'मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका'. 'पास्ट प्रेसिडेंट'चे 'गत अध्यक्ष' केलेले मी वाचले आहे आणि ते टाळावे, कारण 'गत' माणसाला लागला की तो 'गतप्राण'च्या वाटेने जाऊ लागतो. 'लेट प्रेसिडेंट' म्हणजे कैलासवासी किंवा दिवंगत अध्यक्ष, 'पास्ट प्रेसिडेंट' म्हणजे माजी, आणि 'लास्ट प्रेसिडेंट' म्हणजे संदर्भाप्रमाणे शेवटचे किंवा याआधीचे. या तिघांची अदलाबदल झाली तर हयात माणसाला श्रद्धांजली वाहिली जाते. रोटरीसारख्या संस्थांत 'पास्ट प्रेसिडेंट' ही नुसती माहिती नसून नावामागे लावायची उपाधी असते, आणि 'इमिजिएट पास्ट प्रेसिडेंट' म्हणजे ज्यांनी नुकतीच सूत्रे सोपवली ते. आपल्याकडे साहित्य संमेलनामुळे 'मावळते अध्यक्ष' हा सुरेख प्रयोग रुळलेला आहे, पण मावळते अध्यक्ष सूत्रे सोपवीपर्यंतच मावळते असतात. सोपवल्यानंतरच्यांना 'लगतचे माजी अध्यक्ष' म्हणणे अधिक नेमके. 'पास्ट मास्टर' हा याच घराण्यातला पण वाट सोडून गेलेला शब्द आहे. फ्रीमेसन या बंधुसंघटनेच्या स्थानिक शाखेचा, म्हणजे 'लॉज'चा, माजी प्रमुख हा 'पास्ट मास्टर'. सर्वसाधारण इंग्रजीत मात्र त्याचा अर्थ 'एखाद्या गोष्टीत मुरलेला, पारंगत' असा होतो, आणि तोही बहुतेक वेळा किंचित उपहासाने. सबबी सांगण्यात कोणी 'पास्ट मास्टर' असेल तर तो माजी नाही, चांगलाच कार्यरत आहे.

पैशांच्या कागदांत 'पास्ट' सर्वाधिक काटेकोर होतो. 'पास्ट ड्यू' म्हणजे देय तारीख उलटून गेलेली रक्कम, आपली 'थकीत' किंवा 'थकबाकी'. इंग्रजीत 'पास्ट ड्यू' आणि 'ओव्हरड्यू' हे आज एकाच अर्थाने वापरतात, पण भारतीय बँकांच्या जुन्या कागदांत तसे समजू नये. रिझर्व्ह बँकेच्या निकषांत पूर्वी देय तारखेनंतर 30 दिवस उलटूनही येणे राहिलेल्या रकमेलाच 'पास्ट ड्यू' म्हणत. 31 मार्च 2001 पासून ही संकल्पना काढून टाकण्यात आली आणि मुदत थेट देय तारखेपासून मोजली जाऊ लागली. पुढे 31 मार्च 2004 रोजी संपणाऱ्या वर्षापासून 90 दिवसांच्या थकबाकीवर कर्ज अनुत्पादक ठरवण्याचा निकष लागू झाला. तेव्हा 1990 च्या दशकातल्या कर्जप्रकरणाचा कागद समोर असेल, तर 'पास्ट ड्यू'ला सरसकट 'थकीत' लिहिल्याने 30 दिवसांचा फरक पुसला जातो. तेथे 'देय तारखेनंतर 30 दिवस उलटलेली थकबाकी' असे लांबलचक लिहिण्याला पर्याय नाही. आजच्या पतअहवालात 'डेज पास्ट ड्यू' असा रकाना असतो, त्याचे 'थकीत दिवस' असे केलेले आढळते. दिवस थकत नाहीत, हप्ता थकतो. 'हप्ता थकल्याचे दिवस' असे म्हणावे.

कायद्यात 'पास्ट कन्सिडरेशन' हा प्रयोग भेटेल. 'कन्सिडरेशन'ला, म्हणजे वचनाच्या बदल्यात मिळणाऱ्या मोबदल्याला, आपल्या विधी परिभाषेत 'प्रतिफल' आहे; प्रश्न 'पास्ट'चा. येथे खूण आजची तारीख नसून वचन दिल्याचा क्षण आहे: वचन देण्याच्या आधीच जे करून झाले, ते 'पास्ट'. इंग्लंडच्या कायद्याने असे प्रतिफल साधारणतः करारास पुरेसे मानलेले नाही. 1872 च्या भारतीय करार अधिनियमाच्या कलम 2(डी) मध्ये मात्र वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून दुसऱ्याने काही 'केले असेल' ही शक्यताही प्रतिफलाच्या व्याख्येत धरलेली आहे, त्यामुळे आपल्याकडे ते चालते. 'जुने प्रतिफल' असे भाषांतर केले तर ते फार दिवसांपूर्वीचे असावे लागते असा गैरसमज होतो, वास्तविक ते वचनाच्या तासभर आधीचेही असू शकते. म्हणून 'वचनापूर्वीचे प्रतिफल' हा मला त्यातल्या त्यात निर्दोष पर्याय वाटतो. म्युच्युअल फंडांच्या जाहिरातींतल्या 'पास्ट परफॉर्मन्स'ला मात्र 'पूर्वीची कामगिरी' हे साधे शब्द पुरतात. 'भूतकाळातील कामगिरी' म्हणून भारदस्त करण्याची गरज नाही.

'भूतकाळ' या शब्दाचा अतिवापर हे आजच्या भाषांतरित मराठीचे एक लक्षणच झाले आहे. 'इन द पास्ट' याचे दहापैकी नऊ वेळा 'पूर्वी' एवढेच मराठी होते. 'अ थिंग ऑफ द पास्ट' म्हणजे 'इतिहासजमा झालेली गोष्ट'. व्यक्तीचा 'पास्ट' म्हणजे 'पूर्वायुष्य', आणि 'शी हॅज अ पास्ट' असे सूचकपणे म्हटले असेल तर 'तिच्या पूर्वायुष्यात काहीतरी घडून गेले आहे' असे थोडे उलगडावे लागते. शहरी तरुण बोलण्यात 'त्याचा पास्ट' म्हणतात, तेव्हा त्यांना बहुधा आधीची प्रेमप्रकरणे अभिप्रेत असतात. कथा-कादंबरीच्या संवादात तो शब्द तसाच ठेवावा, त्याला 'गतायुष्य' करू नये. रुग्णाच्या कागदावरची 'पास्ट हिस्टरी' म्हणजे 'पूर्वीचे आजार', आणि तेथे 'इतिहास' आणू नये, कारण रुग्णाला इतिहास विचारला तर तो गोंधळतो.

शेवटी कोशातल्या 'पलीकडे'विषयी. 'पास्ट रिपेअर' म्हणजे दुरुस्तीच्या पलीकडे गेलेले, 'पास्ट सिक्स्टी' म्हणजे साठी ओलांडलेला, 'पास्ट केअरिंग' म्हणजे आता काही वाटेनासे झालेला. औषधाच्या बाबतीत 'पास्ट इट्स एक्स्पायरी डेट' हे 'मुदतबाह्य'. 'आय वुडन्ट पुट इट पास्ट हिम' हा वाक्प्रचार शब्दांवरून उलगडतच नाही, पण त्यातही हद्दच आहे: अमुक कृत्य त्याच्या हद्दीबाहेरचे आहे असे मी म्हणणार नाही, म्हणजेच 'त्याचा काही नेम नाही, तो तेही करील'. या सर्व प्रयोगांत काळाचा संबंध पुसट झालेला आहे आणि केवळ मर्यादा ओलांडल्याची कल्पना उरली आहे. संस्कृतातला 'अतीत' नेमका असाच आहे. 'अति' आणि 'इत' मिळून 'पलीकडे गेलेले'. हिंदीने तो गेलेल्या काळासाठी ठेवला, मराठीने मुख्यतः 'वर्णनातीत', 'शब्दातीत', 'कल्पनातीत' अशा समासांत हद्दीपलीकडच्यासाठी. 'पास्ट डिस्क्रिप्शन'ला 'वर्णनातीत' चपखल बसतो. मात्र 'पास्ट बेअरिंग'ला 'सहनातीत' असा नवा शब्द पाडण्यापेक्षा रोजच्या बोलण्यातला 'असह्य' किंवा 'सोसवेनासे झालेले' हाच घ्यावा.